मार्लेनचा की क्लेव्हरचा

दोन हजार चार साली रविवार मला नकोसा वाटायचा. चर्चमधली मिस्सा आटोपून घरी येतो न येतो तोच शेजारच्या खिडकीतून दोन्या डेल्फिनाची, म्हणजे डेल्फिनाबाईची, हाक, "इंजिनियर, येताय ना?" मी कसला इंजिनियर. बिब्लियानच्या चौकात माझं सहा खुर्च्यांचं सायबर कॅफे होतं, एवढंच. पण आमच्या गावात ज्याला माऊस धरता येतो तो इंजिनियर.

दोन्या डेल्फिना गवताच्या हॅट विणायची. मुलगी मार्लेन स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायची, मुलगा क्लेव्हर न्यूयॉर्कमध्ये भिंती रंगवायचा. तिथे राहायची कागदपत्रं दोघांकडेही नव्हती, म्हणजे एकदा घरी आलं की परत जाणं बंद. बाप आजारी पडला तेव्हा दोघांनीही दुसरा जाईल म्हणून वाट पाहिली, आणि शेवटी माती आम्ही शेजाऱ्यांनी लोटली. मग फोनवर दोघं एकमेकांना नको नको ते बोलले. तेव्हापासून अबोला.

तो अबोला आईच्या कॉम्प्युटरात शिरला. गप्पांसाठी मार्लेनचा प्रोग्रॅम निळा, क्लेव्हरचा पिवळा. त्या जुनाट मशीनवर दोन्ही एकत्र नांदत नसत. एकाने कॅमेरा धरला की दुसरा ओढायला जायचा आणि पडदा गोठायचा. म्हणून दर रविवारी मी आधी निळा बसवायचा, मार्लेनचं बोलणं झालं की काढायचा, मशीन बंद करून चालू करायचं, आणि पिवळा बसेपर्यंत तासभर जांभया द्यायच्या.

"तूच तिचा प्रोग्रॅम घे ना बाबा," मी एकदा क्लेव्हरला पडद्यावरच म्हटलं.

"म्हणजे मी कधी घरी आहे, कधी नाही, सगळं तिला दिसणार," तो म्हणाला. "नको."

मार्लेनला विचारलं, तर तिनेही हेच ऐकवलं, जरा जास्त तिखट.

हा सगळा खटाटोप आशीर्वादासाठी. आमच्याकडे निरोप घेताना मूल "मामिता, आशीर्वाद" म्हणतं आणि आई हवेत क्रूस काढते. फोनवर शब्द ऐकू येतात, पण दोघांनाही आईचा हात दिसायला हवा होता.

जुलैतल्या एका रविवारी मशीन तीनदा गोठलं. क्लेव्हर तिकडे ताटकळून कामाला निघून गेला. दोन्या डेल्फिना अर्धवट हॅट मांडीवर घेऊन नुसती बसली होती.

"मी थकलो," मी म्हणालो. "एक काय ते ठरवा. मार्लेनचा की क्लेव्हरचा?"

"मीही थकलेय, इंजिनियर. तिला सांगायचं तो बरा आहे, त्याला सांगायचं ती बरी आहे. दोन वर्षं हेच करतेय." मग ती म्हणाली, "दोन्ही काढा."

"दोन्ही?"

"दोन्ही. कॅमेरासुद्धा डब्यात घाला."

मला वाटलं, म्हातारी रुसली, आठवडाभरात येईल ताळ्यावर. सुटलो म्हणून मनातून बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

पुढच्या रविवारी सवयीने तिच्याकडे गेलो. उकडलेला मका खात बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. मार्लेन होती, तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मामिता, तू दिसतच नाहीस. कोणता प्रोग्रॅम हवा ते सांग, मी बसवते."

"भावाला विचार. दोघं मिळून ठरवाल तो मी ठेवीन."

मग हळूच, "बरं. आशीर्वाद दे."

"तोही दोघांना एकदमच मिळेल," म्हणून तिने फोन ठेवला. आशीर्वाद न देता तिने मुलांना कधी शाळेतही पाठवलं नव्हतं.

मी मक्याच्या वाडग्यात बघत राहिलो. जरा वेळाने तिने हात उचलला आणि बंद फोनसमोर क्रूस काढला. मग थांबून आणखी एक.

"त्यांना सांगू नका," ती म्हणाली.