भाऊजींचे तोतये

परग्रहावरच्या लोकांनी पृथ्वीवर स्वारी केलीच, तर तिला तोंड द्यायला पूर्ण तयार असलेला माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच होता, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. आज मी हे कौतुकानं सांगते. पण त्या काळी मी, अक्का आणि त्यांच्या दारातली म्हैससुद्धा या तयारीनं बेजार झालो होतो. भाऊजींची शेती बोरीच्या पुढं, जिंतूर रस्त्यापासून थोडी आत. मी त्याच गावच्या शाळेत नवीन शिक्षिका म्हणून लागले आणि अक्काकडे राहायला आले. पहिल्याच संध्याकाळी भाऊजींनी मला ओसरीवर बसवून विचारलं, "तुज्या शाळेला मागून दार हाय का?" मी नाही म्हटलं. त्यावर ते इतके गंभीर झाले, की ही नोकरी धरून मी मोठीच चूक केली असं मला वाटायला लागलं.

या साऱ्याचं मूळ परभणीच्या बसस्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर होतं. भाऊजी बियाणं आणायला म्हणून परभणीला जात आणि बियाण्याच्या पिशवीत रंगीत चित्रकथा घालून परत येत. उडणारे, भिंतीच्या आरपार बघणारे, एका हातानं आगगाडी थोपवणारे महावीर त्यांत असत. इतर लोक ती पुस्तकं पोरांसाठी नेत. भाऊजींना मूलबाळ नव्हतं आणि पुस्तकांसाठी कुठली सबब सांगायची गरजही त्यांना कधी वाटली नाही. ते दाराशी, भर उजेडात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असे वाचत बसत. पण वाचून खूश होणाऱ्यांतले ते नव्हते. या महावीरांची लढायची पद्धतच त्यांना मान्य नव्हती. "हे समदे शत्रू समोरून यायची वाट बघायलेत," ते म्हणत, "शत्रू काय येडा हाय का समोरून यायला?" शहाणा शत्रू आधी गुपचूप चारदोन माणसं पाठवील, ती माणसं एकेका महावीराचं रूप घेतील, खरा कुठंतरी कोंडून घालतील, आणि सगळे महावीर आतून बदलले की मग विमानं येतील. तेव्हा लोक धावत जाणार कुणाकडं? त्याच महावीरांकडं. हा सिद्धांत त्यांनी इंजेक्शन घेताना कंपाउंडरला सांगितला, म्हशीला तपासायला आलेल्या डॉक्टरला सांगितला, आणि एसटीच्या ड्रायव्हरला तर गाडी घाटात असताना सांगितला.

एकदा मंठ्याकडच्या एका लग्नाला जाताना जीप देवगाव फाट्यावर थांबली. भाऊजी खाली उतरले, फुटणारे सगळे रस्ते डोळ्यांवर हात धरून पाहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "उतरायला हीच जागा." परग्रहाची विमानं उतरायला, असं त्यांना म्हणायचं होतं. जीपवाल्यानं त्यांची पिशवी खाली ठेवली आणि गाडी सुरू केली. अक्का पुढं एकटीच लग्नाला पोचली. "समदे इचारायले, पाव्हणे कुठं हायेत," ती मला सांगत होती, "मी म्हणलं, परग्रहाच्या लोकांला जागा दाखवायला थांबलेत." अक्काचं बोलणं असं कोरडं असे. नवऱ्याला ती हसत असे, पण दुसरं कुणी हसलं की तिला खपत नसे.

भाऊजींच्या डोक्यात हे खूळ नुसत्या पुस्तकांनी शिरलं नव्हतं, हे मला बरंच उशिरा कळलं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, तेव्हा मी त्या गावात नव्हते. गावात घर कुणाचं जळलं नाही. पण सुदाम म्हणून भाऊजींचा लहानपणापासूनचा दोस्त होता. बौद्धवाड्यातला, शेजारच्या गावी मास्तर, आणि नाटकात असा की तो रंगमंचावर आला की लोक शेंगा खायचे थांबत. दोघांनी मिळून दरवर्षी गणपतीत नाटकं केलेली. त्या दिवसांत, आदल्या वर्षी ज्यांनी सुदामच्या नकलांना पोट धरून हसून दाद दिली होती, तीच माणसं बौद्धवाड्याच्या वाटेवर काठ्या घेऊन उभी राहिली. सुदाम बायकोपोरांना घेऊन सासुरवाडीला निघून गेला. काही महिन्यांनी परत आला, पण भाऊजींच्या दाराची पायरी पुन्हा चढला नाही. गावातली नाटकं बंद पडली. एकदा शेतातून येताना भाऊजी मला म्हणाले, "चेहरा तोच, मिशी तीच, आवाज बी तोच. मी एकेकाकडं बघत ऱ्हायलो. म्हणलं, आत कोण बसलंय ह्यांच्या?"

मी आले त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात त्यांनी जाहीर केलं की गावात पुन्हा नाटक होणार, आणि ते तोतयांचं होणार. पाच महावीर, सगळे आपल्याच जिल्ह्यातले. पोलादसिंह पाथरीचा, चपळनाथ सेलूचा, दिव्यनयना जिंतूरची, असे. कारण विचारलं तर म्हणाले, "मुंबईच्या महावीराला हिकडं यायचं म्हणलं की गाडी बदलावी लागती. तवर कारभार आटपला." महावीरांचे कपडे शिवायचं काम अक्कावर आलं. तिनं बनियनी रंगवल्या, जुन्या लुगड्यांचे पाठीवर सोडायचे शेले केले, तोंड झाकायला मफलरी जमवल्या आणि तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पोलादसिंहाचं चिलखत केलं. पोलादसिंहाच्या कामाला सरपंच आबांचा पुतण्या बापू मिळाला. दारातून वाकून आत यावं लागे इतका तो उंच होता, आणि चिलखत अंगावर चढल्यापासून उतरवायलाच तयार नव्हता.

घोडं अडलं होतं दोन ठिकाणी. पाचांत तोतया कोण हे ठरलं होतं. सगळ्यात बलवान तोच तोतया निघणार, म्हणजे पोलादसिंह. पण तो ओळखायचा कसा, ते भाऊजींना सुचत नव्हतं. आणि ओळखणाऱ्या शास्त्रज्ञाचं काम सुदामशिवाय कुणी करायचं नाही, हे त्यांचं पक्कं होतं. एके दिवशी सकाळीच ते मला बरोबर घेऊन सुदामच्या घरी गेले. सुदामनं बाज टाकली, बसा म्हणाला, आणि सगळं ऐकून घेतलं.

"तुमी आलात, बरं वाटलं," तो म्हणाला, "पण मला जमायचं न्हाई."

"'तुमी' कवापासून म्हणायला लागलास रं मला?"

भाऊजी उठले नाहीत. त्यांनी नाटकाचा पहिला अंक सांगितला, दुसरा सांगितला, मधेच विमानाचा आवाज काढून दाखवला. सुदामची बायको दारात येऊन ऐकायला लागली. तिसऱ्या अंकाशी भाऊजी थांबले. "हितं अडलंय," ते म्हणाले, "चेहरा तोच हाय. मग वळखायचं कसं?"

"मी सांगतो," सुदाम जमिनीकडं बघत म्हणाला, "शास्त्रज्ञानं एकेकाला पाणी द्यायचं. सोताच्या तांब्यातून, सोताच्या हातानं. पिला तर त्यो माणूस. न्हाई पिला तर भायरचा." मग त्यानं मान वर केली. "हे घालशील नाटकात? घालत असशील तर मी काम करतो."

भाऊजींना त्याचा अर्थ कळला नाही असं नव्हतं. ते सुदामकडं बघत होते. "घालतो," ते म्हणाले.

तालमींत तो प्रवेश नुसता तोंडी व्हायचा, तांब्या कुणी आणत नव्हतं. पण बातमी गावभर झाली आणि आबा चारपाच जणांना घेऊन आमच्या ओसरीवर आले. बोलणं शांतपणे चाललं होतं.

"नाटक करा, कोण न्हाई म्हणतंय," आबा म्हणाले, "पण त्यो पाण्याचा परवेश काढा."

"त्यो काढला तर खरं-खोटं कसं कळायचं?"

"दुसरं कायबी द्या. भाकर द्या."

"कोण देणार?"

"आपली हीर सामायिक हाय," आबा म्हणाले, "पाणी सगळ्यांलाच लागतंय. इचार करा."

"इचार केलाय," भाऊजी म्हणाले, "परवेश ऱ्हाणार. पण आबा, तुमच्या बापूनं पाणी प्यायचंच न्हाई. तांब्या पुढं आला की तोंड फिरवायचं, हेच काम हाय त्येचं."

आबांनी हे दोनदा विचारून खात्री केली. बापू पिणार नसेल तर बाकीच्यांचं ज्याचं त्यानं बघावं, असं म्हणून ते समाधानानं उठले. पाणी न पिणाऱ्याचं पुढं काय होतं, ते त्यांनी विचारलं नाही आणि भाऊजींनी सांगितलं नाही. बाकीच्यांनी मात्र ज्याचं त्यानं बघितलं. दुसऱ्या दिवशी दोन महावीर कपडे परत देऊन गेले. भाऊजी त्या कपड्यांकडं बघत बसले. अक्कानं त्यातली एक बनियन उचलली, अंगाला लावून बघितली आणि म्हणाली, "मी पाच शिवलेत. पाची कुणीतरी घालायचे हायेत." अशा रीतीनं माझी बहीण चपळनाथ झाली आणि मी दिव्यनयना झाले. बायका नाटकात, यावरूनही गावात बोलणं झालं. पण तोपर्यंत बोलायला इतकं काही होतं, की आमच्या वाट्याला थोडंच आलं.

दिव्यांचा भरवसा नव्हता म्हणून नाटक दिवसाढवळ्या, जत्रेच्या मैदानावर ठरलं. अख्खा गाव आला. बौद्धवाडाही आला आणि एका बाजूला वेगळा बसला. पहिले दोन अंक भाऊजींच्या अपेक्षेहून चांगले गेले. विमानांच्या आवाजाला लहान मुलं रडली, हे त्यांना फार आवडलं. मग तिसऱ्या अंकात सुदाम तांब्या घेऊन पुढं आला.

पहिले भाऊजी प्यायले. त्यांनी स्वतःकडं एक महावीर ठेवलाच होता. मग अक्का प्यायली आणि तोंड पुसून तांब्या माझ्याकडं दिला. मी प्याले. चौथा एक म्हातारा सुतार होता, गावाचं बोलणं ऐकू येत नसल्यामुळं टिकून राहिलेला. तोही प्यायला. सुदाम बापूसमोर उभा राहिला. "तहान लागली असंल," तो म्हणाला, "घ्या." हे वाक्य नाटकातलंच होतं. आता बापूनं तोंड फिरवायचं होतं. आबा पहिल्या रांगेत बसले होते आणि त्यांनी हलकेच मानही हलवली. बापूनं त्यांच्याकडं पाहिलं, समोरच्या सगळ्या गावाकडं पाहिलं, मग तोंडावरची मफलर सोडली, दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

"बापू," भाऊजी हळूच म्हणाले, "तू तोतया हायस."

"न्हाई," बापू म्हणाला. ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"आरं, नाटकात."

"नाटकात बी न्हाई."

बायकांच्या बाजूनं कुणीतरी हसलं, कुणी टाळी वाजवली आणि मग दोन्ही बाजूंनी टाळ्या व्हायला लागल्या. आबा उठून निघून गेले. पडद्यामागं पत्र्याच्या टोप्या घालून परग्रहाचं सैन्य उभं होतं. तोतया सापडला की आत घुसायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. त्यातल्या एकानं डोकं बाहेर काढून विचारलं, "मास्तर, आमी काय करायचं?"

सुदामनं बापूकडून रिकामा तांब्या घेतला. नट तो नटच. तो लोकांकडं वळून म्हणाला, "पाची जण आपलेच निघाले. आता विमानांनी परत जावं." आणि परग्रहाचं सैन्य टोप्या घातलेलंच, लोकांमधून वाट काढत आपापल्या घरी गेलं.

देवगाव फाट्यावरची मोठी लढाई, जिच्यासाठी भाऊजींनी रात्ररात्र संवाद घोकले होते, ती झालीच नाही. नाटक पडलं म्हणून ते कितीतरी दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. त्या रब्बीला विहिरीवरची आमची पाळी बंद झाली आणि गहू उभा वाळला. बापूला आबांनी मामाच्या गावी धाडून दिलं. तो परत आला तेव्हा वेगळा राहिला. गाव काही एका तांब्यानं बदललं नाही. पण वाळलेला गहू कापायला बौद्धवाड्यातली माणसं न बोलावता आली, आणि त्या संध्याकाळी सुदाम पायरी चढून आत आला, चहा प्यायला, आणि "तुजं इमान लयच मोठ्यानं वराडलं" अशी भाऊजींच्या विमानाच्या आवाजाची खोडी काढून गेला. तेव्हापासून भाऊजी बोलायला लागले.

पुढं माझी बदली झाली, लग्न झालं. विद्यापीठाच्या नावाचा तिढा सुटला त्या सुमाराला मी गावी गेले होते. भाऊजी थकले होते, ऐकायला कमी येत होतं. सुदाम रोज दुपारी येऊन बसे आणि दोघं तिसरा अंक नव्यानं बांधायचा प्रयत्न करत. तो बांधून होत नव्हता, कारण तोतया कुणाला करायचं ते ठरत नव्हतं. "गावातल्या एकेकाला मनातल्या मनात उभं करून बघतो," भाऊजी मला म्हणाले, "आबांना सुद्धा करून बघितलं. कुणालाच करायला जीव होत न्हाई."

मी म्हटलं, "मला करा."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ निरखून पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून पाहिलं. "तुला न्हाई जमायचं," ते म्हणाले, "तुला लगेच हसू येतं."

सुदाम हसला, अक्काही आतून हसली. भाऊजी मात्र उन्हाकडं तोंड करून पुन्हा विचार करत बसले. त्यानंतर फार दिवस ते राहिले नाहीत, आणि अंक तसाच राहिला.