गेटमधून येणारी दुसरी बाई

लातूरला मुलींच्या होस्टेलमध्ये मी झाडलोट करते. गेटवर वॉचमन आहेत ते माझे चुलत सासरे. त्यांच्यासमोरून जाताना मी पदर पार हनुवटीपर्यंत ओढते. जिना आला की पदर मागे टाकून कमरेला खोचते आणि कामाला लागते. माहेरी, उमरीला, माझी आईही असंच करायची.

मग होस्टेलला नवे कॅमेरे बसले. आता कॉम्प्युटर प्रत्येक माणसाला ओळखतो, एका कॅमेऱ्यात दिसलेला माणूस दुसऱ्यातही तोच आहे हे त्याला कळतं, असं होस्टेल सांभाळणाऱ्या सरांनी सांगितलं. त्यासाठी आमचे सगळ्यांचे फोटो काढले. माझाही काढला, उघड्या डोक्याचा.

आठवड्याभरात सरांनी बोलावलं. "मावशी, रोज सकाळी एक अनोळखी बाई गेटमधून आत येऊन राहिली. जिन्यापाशी गायब होते, संध्याकाळी तिथूनच निघते अन् बाहेर जाते. आणि तुम्ही गेटमधून कधीच येत न्हाईत, तरी वरच्या मजल्यावर असता. तिला तुम्हीच लपवता का?"

मुलींच्या होस्टेलात परकी बाई म्हटल्यावर मीच घाबरले. दोन दिवस मी तिला शोधलं. न्हाणीघरं पाहिली, गच्चीवर टाकीच्या मागेही पाहिलं. तिसऱ्या दिवशी सरांनी तिचा फोटो दाखवला. तोंड दिसत नव्हतं. चपलेचा तुटलेला पट्टा निळ्या दोऱ्यानं शिवलेला होता. तो दोरा मीच घातला होता.

"उद्यापर्यंत ही कोण ते सांगा, न्हाई तर काम बंद," सर म्हणाले.

ती मीच, हे मी सांगून सर मानणार नव्हते; गेटवरच्या सासऱ्यांनीच सांगायला हवं होतं. सासऱ्यांशी तर मी कधी बोललेच नव्हते. संध्याकाळी चुलत सासूबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं.

सकाळी मी गेटबाहेर थांबले होते. सासरे सरांना म्हणाले, "ती बाई आमची सूनच हाय."

"कॉम्प्युटर न्हाई म्हणतो. मावशी, पदर मागं घेऊन या बरं आत."

माझा हात वर जाईना. सर घड्याळ बघत होते. काम गेलंच, असं मी मनाशी धरलं.

तेवढ्यात सासरे उठले. खुर्ची उचलून फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. "ये बाई. म्या भिंत बघून राहिलो."

मी पदर मागे घेतला आणि आत गेले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझ्याभोवती ओळख पटल्याची हिरवी चौकट आली. काम वाचलं.

तेव्हापासून माझ्या येण्या-जाण्याच्या वेळी ते तसेच बसतात. परवा सरांनी पुन्हा बोलावलं.

"मावशी, रोज दोनदा एक अनोळखी माणूस गेटवर भिंतीकडं तोंड करून बसतो. अन् नेमका त्याच वेळी वॉचमन जागेवर नसतो. तुम्हाला काही माहीत आहे?"

 संध्याकाळी मी पुन्हा चुलत सासूबाईंकडे गेले.