देव म्हणून आणलेला दगड

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी एडिसन शहरातल्या आमच्या घरी माझी मुलगी ईरा देवघरापाशी थबकली. माझे बाबा पूजेला बसले होते. समोरच्या ताम्हनात लिंबाएवढा पांढरा गोटा होता... "आजोबा, दॅट्स फ्रॉम द केव्ह," ती म्हणाली.

बाबा पाणी घालत राहिले.

डिसेंबरमध्ये आम्ही तिघं बेलीझ या देशात फिरायला गेलो होतो. तिथल्या मूळच्या माया लोकांच्या एका गावाने आपल्या डोंगरातली गुहा स्वतः राखली आहे. पाहुणे मोजके, वाटाडे गावातलेच. आत कशालाही हात लावायचा नाही आणि बाहेर पडताना वाटाड्याने प्रत्येकाचे खिसे तपासायचे, हा गावाचा नियम.

आमचे वाटाडे डोमिंगो, बाबांच्याच वयाचे. गुहेच्या तोंडाशी धूप जाळून त्यांनी आत जायची परवानगी मागितली. ते पाहून बाबांनी बूट काढले आणि हात जोडले. आत निसरड्या दगडांवरून डोमिंगोंनी त्यांना धरून नेलं.

एका उथळ डबक्यात असे गोटे होते, घरट्यातल्या अंड्यांसारखे. वरून थेंब पडून पडून, शेकडो वर्षांत घडलेले. त्यातला एक बाबांनी उचलला होता.

ही चोरी आहे, असं मी म्हटलं. आवाज चढला माझा.

"चोरी कसली? देव आणलाय मी."

नर्मदेतून महादेवाचा बाण म्हणून गोटा आणतात, तसा. तीन महिने दर सोमवारी ते त्याला पंचामृताचा अभिषेक करत होते. दह्याने त्याची चकाकी गेली होती, एक बाजू खरबरीत झाली होती... बाबांना ते दिसलं नव्हतं.

मी गावाला मेसेज केला. बुकिंग डोमिंगोंची मुलगी रोझा बघते. तिने लिहिलं की गोटा गेल्याचं त्याच संध्याकाळी कळलं होतं. सगळ्यांचे खिसे पाहिलेस का, असं गावाच्या सभेत विचारल्यावर डोमिंगोंनी सांगितलं, एकाचे नाही. तेव्हापासून त्यांना गुहेत जायची बंदी होती.

का नाही पाहिले, हेही तिने लिहिलं होतं. "वडील म्हणाले, दारात हात जोडणाऱ्या माणसाची झडती मी कशी घेऊ?"

मी ते बाबांना मराठीत सांगितलं.

"त्यांना कळव," ते म्हणाले. "माझं पूर्ण नाव घाल. त्या माणसाचा दोष नाही म्हणावं."

मी तसं पत्र लिहिलं. सोबत पाठवायला गोटा त्यांनीच कापसात गुंडाळला. पोस्टातला फॉर्मही त्यांनीच भरला, मला भरू दिला नाही.

परवा रोझाचा मेसेज आला. पत्र सभेत वाचलं, बंदी उठली. पण डोमिंगो आता गुहेत पाऊल टाकायला तयार नाहीत. लांब संत्र्यांच्या बागेत मजुरीला जातात. झिजलेला गोटा डबक्यात परत ठेवायचा नाही, असं गावाने ठरवलंय.

शेवटी तिने आमचे आभार मानलेत, खरं सांगितल्याबद्दल...

त्याला उत्तर बाबांनाच लिहायचं आहे. दोन दिवस ते कागद घेऊन बसतात, आणि कोराच ठेवून उठतात.