माडीशिवायचं सांदण

जाफर चोगलेला रियाधमध्ये ज्या सांदणानं नाव दिलं, ते परातीएवढ्या पांढऱ्या बशीत एकटंच बसलेलं असे. तांदळाचं, वाफवलेलं, लिंबाएवढं. भोवती नारळाच्या दुधाचे तीन थेंब, वर केशराची एक काडी, आणि मटणाचा रस्सा अशा वाटीत की जिच्यात बाणकोटला कोणी मीठही ठेवलं नसतं. गिऱ्हाईक अर्धं खाई आणि उरलेल्या अर्ध्यात टूथपिक खोचून उठे. ती अर्धी सांदणं काळ्या पिशव्यांत साठत. दुपारच्या उन्हात पिशव्यांना जो वास सुटे, तो जाफरच्या नाकातून सुट्टीच्या दिवशीही जात नसे.

विसाव्या वर्षी तो रियाधच्या बत्हा भागातल्या एका खानावळीत भांडी घासायला आला. तिथून जुबैलला, ठेकेदाराच्या कामगार कॅम्पात. एका पाळीला आठशे माणसं, फावड्याएवढा डाव, रोज तीच डाळ. ते जेवण वाईट होतं, हे तो स्वतःच सांगे. पण ताटं परत येत ती धुतल्यासारखी.

दोन हजार एक साली तो रियाधला ‘दर्या’ रेस्टॉरंटमध्ये लागला. मालक सौदी, वर्षातून दोनदा दिसणारा. कारभार हैदराबादच्या मोहियुद्दीनकडे. एका ईदला जाफरनं किचनमधल्या पोरांसाठी सांदणं केली. मोहियुद्दीननं एक उचललं, डोळे मिटून खाल्लं आणि दुसऱ्या आठवड्यात ते मेन्यूवर चढलं. मग बँकवाले आले, तेल कंपनीतले गोरे धाहरानहून गाडी करून आले. जाफरला उंच पांढरी टोपी मिळाली. त्या टोपीतला त्याचा फोटो दारात लागला. त्यात आपला चेहरा बरणीतल्या लोणच्यासारखा दिसतो, असं त्याला वाटे. तरी येता-जाता तो बघत असे.

दोन हजार सहा साली मालकानं खोबर शहरात दुसरं रेस्टॉरंट काढायचं ठरवलं. मोहियुद्दीननं पाटीचं चित्र दाखवलं. वर अरबीत, खाली इंग्रजीत एकच नाव, विजेच्या अक्षरांत: ‘जाफर’. बाणकोटच्या एका खलाशाच्या पोराचं नाव. चित्राची एक प्रत त्यानं मागून घेतली आणि घडी घालून पाकिटात, इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्याच्या, मागे ठेवली. बायकोला, हफीजाला, त्यानं फोनवर ते चित्र तीनदा वाचून दाखवलं.

त्याच दिवसांत हेमलताबाई आल्या. नवरा चंद्रशेखर बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि त्या एका इंग्रजी पेपरच्या शुक्रवारच्या पुरवणीत खाण्यापिण्यावर लिहीत. फॅमिली सेक्शनच्या पडद्याआड जाफर धरून तिघं बसले.

“अय्या, तुमचं मराठी किती छान आहे हो!” बाई म्हणाल्या.

“मग बाई, आम्ही काय जपानी बोलायचं?”

चंद्रशेखर मोठ्यानं हसला. बाई लाजल्या. त्या लाजल्या म्हणून जाफर मोकळा झाला आणि बोलत सुटला. सांदण इतकं हलकं कशानं होतं, असं त्यांनी विचारलं. त्यानं खरं सांगितलं. इथे बेकरीचं खमीर घालतो. घरी आई माडी घालते, माडाची ताडी. पहाटे बाळकृष्ण भंडारी माडावरून उतरला की लोटाभर ताजी माडी कुंपणावरून देतो. ऊन चढायच्या आत ती पिठात जाते, आणि पुढे जे काही असेल ते वाफेबरोबर उडून जातं. त्याच्या आईनं, अस्मानं, पाच वेळची नमाज कधी चुकवली नव्हती आणि माडीशिवाय सांदण कधी केलं नव्हतं. या दोन गोष्टींचं भांडण आहे, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी सगळं जसंच्या तसं लिहिलं. लेख चांगला होता. तीच पंचाईत झाली.

शनिवारी फोन सुरू झाले. चार टेबलं रद्द झाली, मग अकरा. नाव न सांगणाऱ्या एकानं विचारलं, तुमच्याकडे पिठात नक्की काय घालतात? मोहियुद्दीननं खमिराची पाकिटं काउंटरवर मांडून ठेवली, पण फोनवर पाकिटं दिसत नाहीत. तो किचनमध्ये आला. त्याच्या अत्तराचा वास तळणाच्या वासात कालवला गेला.

“मियाँ, तुम कुछ बोलेच नहीं. मॅडम अपने दिल से लिख दिए.”

“मैं बोला था.”

“नहीं बोले. घर में भी नहीं डालते. ये डिश तुम खुद बनाए, अपने दिमाग से. समझे?”

“मेरी माँ का है, मोहियुद्दीनभाई.”

“माँ का नाम लिखूँ क्या बोर्ड पे?” मोहियुद्दीननं दात कोरत विचारलं. “बोलो, किसका नाम होना?”

त्यानं खुलाशाचा तयार कागद पुढे सरकवला. जाफरनं सही केली. हात पिठाचे होते. कागदावर अंगठ्याचा पांढरा ठसा उमटला. मोहियुद्दीननं तो फुंकरीनं उडवला.

पुढच्या शुक्रवारी चौकट छापून आली. ‘आमच्या घरात अशा पेयाला कधी कुणाचा हात लागलेला नाही. ही पाककृती पूर्णपणे माझी स्वतःची आहे. लेखिकेनं ते वाक्य मनानं रचलं.’ खाली टोपीतला फोटो.

हेमलताबाईंचा फोन आला. “जाफरभाई, तुम्हीच सांगितलंत ना? माझ्याकडे वहीत आहे.”

“नाही बाई. मी असं काही बोललो नाही.”

पलीकडे वहीची पानं उलटली. मग मागून चंद्रशेखरचा आवाज ऐकू आला, “सोड गं, कुठे एका कूकच्या नादाला लागतेस!” फोन बंद झाला. पुरवणीत बाईंचं नाव पुन्हा दिसलं नाही.

जाफर मोरीपाशी गेला, चूळ भरली. पुन्हा भरली. तोंडाला कसली चव आहे हे त्याला ओळखता येईना. आणि दिवसाकाठी दोनशे वेळा चव घेणं हा त्याचा धंदा होता.

टेबलं पुन्हा भरली. लोक वाकून सांदणाचा वास घेत आणि मान डोलवत. त्यांच्या माना, त्यांचे रुमाल, बोटांवरची तूप लागलेली अंगठी, सगळ्याची त्याला किळस येई. सगळ्यात जास्त त्या बरणीतल्या चेहऱ्याची. पण खोबरची पाटी लागली तेव्हा तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि ती पेटेपर्यंत हलला नाही.

दुसऱ्या वर्षी तो सुट्टीवर बाणकोटला गेला. गावात बातमी त्याच्या आधीच पोचली होती. बत्हात दुकानावर असलेल्या गावच्या हारूननं दोन्ही शुक्रवारचं पेपरातलं सगळं फोनवर वाचून दाखवलं होतं.

सकाळी तो उठला तेव्हा चुलीवर मोदकपात्र होतं. वाफेचा आंबूस-गोड वास घरभर पसरला होता. तो हात धुऊन पोरांशेजारी बसला. हफीजानं पोरांच्या ताटात सांदणं वाढली. सासूच्या, अस्माच्या, ताटात वाढली. त्याच्यापुढे एक बशी आली. तिच्यात दोन पाव होते, शेजारी चहा.

“हे काय?”

अस्मा चुलीपुढून वळली नाही. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“बाळकृष्णाकडची माडी हाय त्यात. तुला चालायची नाय. हारूननं वाचलान सगळं.”

“आई, ते कागदापुरतं होतं.”

“तसं कसं? कागदावर तुझी सही हाय. खोटी कशी असेल?” तिनं पात्राचं झाकण काढलं. “पाव ताजा हाय. खास तुझ्यासाठी आणवलाय.”

पावालाही खमीर लागतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. हफीजा खाली बघत रस्सा वाढत होती. धाकटा पोरगा सांदण मोडून नारळाच्या दुधात बुडवत होता. दूध हनुवटीवरून ओघळत होतं आणि तो ते बोटानं पुसून चाटत होता. ताटात काहीच उरणार नव्हतं.

जाफरनं पाव चहात बुडवला. बुडालेला तुकडा फुगला, सुटला आणि कपाच्या तळाशी जाऊन बसला. वर तुपकट साय धरली. तो बोटानं साय बाजूला सारून चहा प्यायला.

“अजून देऊ?” अस्मानं विचारलं.

“दे,” तो म्हणाला.

तिनं आणखी एक पाव त्याच्या बशीत ठेवला.