तिकिटावरची बाई

लग्नाला बावीस दिवस झाले होते आणि मला बहरीनला येऊन नऊ, तेव्हा आम्ही हनिमूनला बार्बाडोसला निघालो. निघालो म्हणजे विमानतळापर्यंत गेलो.

नवऱ्याची हौस दांडगी. माझ्या माहेरी कुडाळला हनिमून म्हणजे फार तर गोवा, आणि हा मला थेट कॅरेबियन बेटावर नेत होता. "व्हिसा लागत नाही, तिकिटं मी काढतो, तू फक्त बॅग भर!" मी भरली.

काउंटरवरच्या मुलीने तिकीट पाहिलं, पासपोर्ट पाहिला, मग मला पाहिलं. "मॅडम, तिकिटावरची ही बाई कोण?"

तिकिटावर माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव होतं आणि त्याचं आडनाव. पासपोर्टवर माझ्या बाबांचं नाव, माहेरचं आडनाव. सीफ भागातल्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पगार घेणारा माझा अकाउंटंट नवरा कानापर्यंत लाल झाला. "सरप्राइज होतं गं. म्हटलं, नवीन नावाने तुझा पहिला प्रवास..."

"आणि मला विचारलंस कधी?"

"लग्नानंतर सगळ्यांचंच बदलतं ना!"

नाव बदलून मिळणार नव्हतं, आणि पुढचा आठवडाभर विमानात जागा नव्हती. खलास!

टॅक्सीने आम्ही नईम भागातल्या आमच्या फ्लॅटकडे परत निघालो. हनिमून बुडाला याचं वाईट वाटत होतंच, पण खरं दुखणं दुसरंच होतं. पासपोर्टसाठी बाबा मला एसटीने घेऊन गेले होते, सोबत पोळीभाजीचा डबा बांधून. फॉर्मवर माझ्या नावापुढे त्यांचं नाव होतं, ते त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं होतं. त्या माणसाला या गड्याने एका क्लिकसरशी उडवलं!

दार लावलं आणि मी तोंड सोडलं. "ऐक. बाबांचं नाव मी गाळणार नाही. तिकिटावर नाही, इथल्या ओळखपत्रावर नाही, कशावरच नाही. चालत असेल तर सांग. नसेल तर माझं परतीचं तिकीट काढ, आणि ते तरी पासपोर्ट बघून काढ!"

त्याला हसू आलं होतं, पण माझा चेहरा बघून त्याने ते गिळलं. "आमच्याकडे असं कुणी केलेलं नाही गं. आईला काय सांगू? दोन दिवस दे मला," एवढंच म्हणाला.

ते दोन दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. भांडणात एक गंमत मात्र झाली. रजा मंजूर होती, ती कोण परत करणार? मग रुसव्यातच आम्ही मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, भटकलो. तो एक पाऊल मागे, मी फणकाऱ्यात पुढे. तिसऱ्या गल्लीत मी वाट चुकले आणि झक मारत त्याचा हात धरला. त्यानंतर चहा प्यालो, समोसे खाल्ले, एकमेकांच्या खोड्या काढल्या. मेला आवडायला लागला होता, तीच तर पंचाईत होती!

तिसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "चल, बेटावर जाऊ." बहरीनच्या समुद्रात एक वाळूचा पट्टा आहे. ओहोटीला वर येतो, भरतीला गडप होतो. बार्बाडोससाठी घेतलेला फुलाफुलांचा शर्ट त्याने घातला, मी पिवळा फ्रॉक. बोट लागली आणि आम्ही पोरांसारखे पाण्यात धावलो, पडलो, खारं पाणी प्यालो. अहाहा, काय निळं पाणी होतं!

मग त्याने खिशातून कागदात गुंडाळलेला खजूर काढला. "थांब. उखाणा घेतो. तुझं नाव, पूर्ण."

कुठलं पूर्ण?

"निळ्या निळ्या पाण्यात वाळूचं बेट," तो ओरडला, आणि मग माझं नाव, बाबांचं नाव, माझं माहेरचं आडनाव, एकही न गाळता, "हिची नि माझी इथेच झाली भेट!" वर म्हणाला, "आईला काल फोनवर सांगितलं. तिकिटंही पुन्हा बघतोय. पासपोर्ट समोर ठेवून."

मी खजूर तोंडात घेतला आणि भोकाड पसरलं. पाणी चढायला लागलं होतं. बोटवाला "यल्ला, यल्ला" म्हणत निघायची घाई करत होता आणि आम्ही वेड्यासारखे हसत होतो.

धक्क्यावर उतरल्यावर मी घरी फोन लावला. विमानतळावरचा घोळ माहेरी कळवलाच नव्हता.

"पोचलात का गं बेटावर?" बाबांनी विचारलं.

"पोचलो, बाबा. तुमच्यासकट पोचलो."

त्यांना काही कळलं नाही. "बरं, बरं," म्हणाले, "डोक्याला ऊन लागू देऊ नका."