सायकलवरचा मुराळी

धुळ्याच्या सडकेच्या खात्यात मी कारकून होतो, पण खुर्ची मला फारशी लाभलीच नाही. काम सगळं सायकलवर. साक्री, शिंदखेडा, पारोळा, जिकडं म्हणून मुरमाची सडक जात होती तिकडं जायचं, कडेला रचलेले खडीचे ढीग फितीनं मोजायचे, डायरीत लिहायचे आणि पुढच्या मैलाच्या दगडाकडं निघायचं. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. डांबराचं तेव्हा आमच्याकडं नुसतं नाव ऐकू येई.

कच्च्या सडकेवर सायकल चालवणं कुणी कुणाला शिकवू शकत नाही. मधला उंचवटा धरावा तर तिथं नवी खडी पसरलेली, हँडल हातात ठरत नाही. कडेला उतरावं तर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. पुढचं चाक एकदा चाकोरीत गेलं की ती नेईल तिकडं जायचं, नाहीतर पडायचं. मी दोन्ही केलेलं आहे. बाभळीच्या काट्यांबद्दल तर बोलायलाच नको. पंक्चर काढायला बसलो की तास तास माणूस नजरेला पडत नसे. पहिल्या वर्षी मला हे आवडलं, कुणाची कटकट नाही म्हणून. पुढं पुढं मी मैलाच्या दगडांशी मोठ्यानं भांडायला लागलो. स्वभाव मुळात तापट, आणि समोर उत्तर देणारं कुणी नाही, मग काय विचारता.

आईवडील एकाच पावसाळ्यात तापानं गेले होते. मागं राहिलो मी आणि धाकटी बहीण. तिचं लग्न मीच लावून दिलं, साक्रीच्याही पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या एका गावात. माणसं चांगली होती. लग्न आटोपून धुळ्याला आलो, खोलीचं कुलूप काढलं, आणि आत चूल विझलेली बघून दारातच बसून राहिलो. एकटं वाटायचं. आता हे लिहायला लाज वाटत नाही, तेव्हा स्वतःशी कबूल करायलाही वाटायची.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. खानदेशात आखाजीला लेक माहेरी आणतात, आणि लग्नानंतरची पहिली आखाजी तर चुकवायचीच नसते. तिला न्यायला माहेरचा मुराळी जातो, म्हणजे भाऊ. मला वाटलं, आईवडील नसले म्हणून काय झालं, माझी खोली हेच तिचं माहेर. मी खोली शेणानं सारवून घेतली, मागच्या लिंबाला दोर बांधून झोका केला, पेंढ्यात आंबे घातले. ती येईल, चार दिवस राहील, पोळ्या करील, मला बोलेल, मी तिला बोलेन. वर्षभरात मला दुसरं काही नको होतं.

निरोप धाडला नाही. अचानक जाऊन उभं राहायची हौस. गेलो सायकलवर. बैलगाडीला जायला दोन दिवस लागले असते, मी पहाटे निघून दुपारी पोचणार होतो. त्या वाटेवर कुठं खडी सैल आहे, कुठल्या नाल्यात वाळू आहे, हे खात्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्याचा मला नको तितका गर्व होता. येताना तिच्या सासऱ्यांची गाडी मागून घेऊ, असा हिशेब. घरात एखादं मोठं माणूस असतं तर त्यानं तिथंच माझा कान धरला असता. मुराळी गाडी घेऊन जातो. सासरच्या गाडीतून लेक माहेरी आली तर आमच्याकडं त्याचा अर्थ एकच, तिला घालवून दिली. हे बायकांना ठाऊक, बैलांना ठाऊक, मला मात्र माहीत नव्हतं.

साक्रीपर्यंत सडक बरी होती. पुढं सडक कसली, नुसती गाडीवाट. वैशाखाचं ऊन, घोट्यापर्यंत फुफाटा, मैल मैल सायकल ढकलत नेली. पळसाच्या सावलीत एकदा थांबलो तेव्हा स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. येताना सोबत असणार होती.

बहिणीच्या घरी छान आगतस्वागत झालं. पाय धुवायला पाणी, मग जेवण. बहीण वाढत होती, तिचा चेहरा नुसता फुलला होता. जेवता जेवता मला आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी एक गाठोडं दिसलं. मी आलो तेव्हा तिथं काही नव्हतं. मी हातपाय धुवेपर्यंत तिनं चार लुगडी बांधून तयार ठेवली होती.

मग ओट्यावर बसलो. मी वाट बघत होतो की सासरे म्हणतील, घेऊन जा. सासरे वाट बघत होते की मी गाडीचं बोलेन. बराच वेळ पिकापाण्याच्या गप्पा झाल्या. शेवटी त्यांनीच वाटेकडं बघत हळूच विचारलं, "भाऊ, गाडी मांगे शे का?"

मागं कुठली गाडी? तेवढ्यात शेजारचा एक म्हातारा काठी टेकत आला, त्यानं सायकलकडं नीट पाहिलं आणि म्हणाला, "मुराळी सायकलवर उना! बहिणले काय नळीवर बसाडीसन लई जाशी का?"

बहीण सायकलच्या दांडीवर, या कल्पनेनं ओट्यावरची माणसं हसली. वाईट हेतूनं नव्हे, कुणीही हसलंच असतं. मीही हसून चूक कबूल केली असती तर सासऱ्यांनी काहीतरी तोड काढली असती, गावात दुसऱ्या कुणाची गाडी मिळाली असती. पण डोक्यात तिडीक उठली. सकाळपासूनचं ऊन, फुफाटा, सगळं एकदम तोंडात आलं.

"मुराळी कोन शे?" मी म्हणालो. "मी सडकना कामवर उनू."

आणि तेवढ्यावर थांबलो नाही. खोटं बोलल्यावर ते खरं दिसायला हवं ना. पिशवीतून फीत काढली, डायरी काढली, आणि गावच्या गाडीवाटेची रुंदी मोजायला लागलो. त्या गावाला सडक मंजूर नव्हती, व्हायचं काही कारणही नव्हतं. पण फितीचं दुसरं टोक धरायला चौघं पुढं आले. सासऱ्यांची छाती फुगली. आमच्या सुनेचा भाऊ सडक आणतोय, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. मघाचा तो म्हातारा मला आता साहेब म्हणत होता. मी मान खाली घालून आकडे लिहीत होतो.

परत ओट्यावर आलो तेव्हा उंबऱ्याशी गाठोडं नव्हतं.

निघताना बहीण दारात आली. "काम व्हयनं का भाऊ?" तिनं विचारलं. मी मान हलवली. सासू शेजारी उभी होती, म्हणून दुसरं काही बोललो नाही, असं मी पुढं कित्येक दिवस स्वतःला सांगत राहिलो. खरं तर तेव्हाही एका वाक्यात सगळं सुधारता आलं असतं. मी सायकलवर टांग टाकली.

परतीची वाट मला आठवत नाही, एवढंच आठवतं की दोनदा पंक्चर झाली आणि मी एकदाही शिवी दिली नाही. आखाजीला शेजारच्या पोरी येऊन माझ्या झोक्यावर झोके घेऊन गेल्या. गाणी म्हणत होत्या. मी आत बसून आंबे खाल्ले, जेवढे खाववले तेवढे.

वर्षभर तिकडं फिरकलो नाही. दिवाळीलासुद्धा नाही. कुठल्या तोंडानं जाणार? त्या बाजूचे ढीग मोजायचे असले की साक्रीहून मागं वळायचो.

पुढच्या आखाजीला मात्र गाडी घेतली. मुरूम वाहणारा एक गाडीवान ओळखीचा होता, त्याला घेऊन दोन दिवस चालत, बसत, पुन्हा चालत गेलो. गाव दिसायला लागल्यावर बैल नाल्यावर पाण्याला थांबले आणि मला धीर धरवेना, मी एकटाच पुढं झालो.

गावाबाहेरच्या विहिरीवर ती होती. डोक्यावर हंडा. मला बघून हसली, पदर सारखा केला.

"भाऊ, सडकना कामवर उना ना? आम्हना गावमा बठ्ठा इचारतस, सडक कव्हय व्हई?"

वर्षभर सगळं गाव सडकेची वाट बघत होतं. "सडकना कामवर नही, बाई," मी म्हणालो. "गाडी लई उनू."

"कोनासाठे?" तिनं विचारलं.

टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळलं नव्हतं.