अमडापूरच्या विहिरीवर

मलकापूरला गाडीतून उतरलो तेव्हा फलाटावर कापसाच्या गठ्ठ्यांची भिंतच उभी होती. पुण्याहून निघताना शेजारीण म्हणाली होती, "वऱ्हाडात सरकार नागपूरचं असलं तरी भाषा आपलीच. तुमचं काही अडायचं नाही." नणंद बाळंत झाली होती, तिला भेटायला सासूबाई आणि मी, दोघीच निघालो होतो. सासूबाईंना कमी दिसायचं, गुडघेही दुखायचे. लग्न झाल्यापासून आमचं बोलणं कामापुरतंच होतं. प्रवासातही तसंच चाललं होतं.

मोटारीने घाट चढून बुलढाणा गाठलं, मग चिखली. तिथून बैलगाडी. दोन्ही अंगांना काळीभोर शेतं, वेचणीला आलेला कापूस आणि त्यात वाकलेल्या बाया.

अमडापूरला आठवड्याचा बाजार भरला होता. गाडीवानाने बैल सोडले. सासूबाईंना गाठोड्यापाशी लिंबाच्या सावलीत बसवून मी भाजी घ्यायला गेले.

"कोथिंबीर आहे का?" मी एका माळणीला विचारलं.

"काय म्हन्ता, बाई?"

मी दोनदा सांगितलं. मग तिचा चेहरा उजळला. "सांबार पायजे का तुमाले?"

मला शिंगांचं सांबर आठवलं. "नको, नको! आमच्यात नाही खात!"

"बाप्पा! सांबार नाही खात, त भाजीत टाकता काय?" म्हणत तिने हिरवीगार जुडी माझ्या नाकाशी धरली. कोथिंबीरच ती! आम्ही दोघी पोट धरून हसलो. जुडी, वांगी घेऊन मी परत फिरले.

लिंबाखाली गाठोडं होतं. सासूबाई नव्हत्या. शेजारी बोरं विकणारी बाई बसली होती.

"इथं बसलेल्या बाई कुठं गेल्या हो?"

"बुडी? हिरीत हाय ना," तिने पलीकडच्या दगडी कठड्याकडे बोट दाखवलं.

हीर म्हणजे विहीर, एवढं बोटावरून कळलं. आणि बुडी! कमी दिसणारं माणूस, अनोळखी गाव. माझ्या हातातली वांगी खाली पडली. मी धावत सुटले. "कुणीतरी या हो! माझ्या सासूबाई बुडाल्या!" माणसं वाट देत होती, कुणी माझ्यामागे पळत होतं. यांना काय सांगू, नणंदेला काय सांगू, हे मनात यायच्या आत कठडा आला. खाली बघायचा धीर होईना.

"अगं, ओरडतेस काय अशी?"

पायऱ्यांची विहीर होती. शेवटच्या पायरीवर सासूबाई पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. दोन बायकांनी त्यांना धरून खाली नेलं होतं, आणि त्या बायकांशी त्यांच्या मनसोक्त गप्पा चालल्या होत्या.

मी मटकन पायरीवर बसले आणि मोठ्याने रडू लागले.

बोरवाली धापा टाकत आली. "काऊन रडता, माय? मी बुडी म्हन्लं, म्हातारी! बुडाली नाही म्हन्लं!" वऱ्हाडात म्हातारीला बुढी म्हणतात, आणि तिच्या तोंडी त्या 'बुढी'ची झाली होती 'बुडी'. जमलेली माणसं हसली. बोरवालीने मात्र माझे डोळे आपल्या पदराने पुसले, भाकर आणि चून (पिठलं) पुढे केलं, आणि आम्ही पाचजणींनी तिथेच पायरीवर बसून खाल्लं. त्या पिठल्याची चव अजून जिभेवर आहे.

नणंदेकडे दिवस आनंदात गेले. परतताना पुण्याच्या स्टेशनवर हे घ्यायला आले होते.

"आई, प्रवास सोसला ना?"

"मला काय होतंय? हिला विचार. मी आपली पाय धूत बसले होते, तर ही माझ्यासाठी अख्खा बाजार गोळा करून ऊर फुटेस्तोवर रडली."

सासूबाईंच्या बोलण्यात कौतुक होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. यांनी आधारासाठी हात पुढे केला होता. पण डब्यातून उतरताना सासूबाईंनी हात ठेवला तो माझ्या खांद्यावर.